पोट ‘शिकुशिकु’ दुखतंय की ‘किरीकिरी’? जपानी अनुकरणवाचक शब्द आणि आपली मराठी

(सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

समोर नर्सिंगच्या मुली बसल्यात, मागे काही टॉवेल कारखानदार आहेत आणि काही जण नुसते कुतूहलानं आलेत. तिघांनाही पुरेल असं बोलायचा प्रयत्न करतो.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. जपानला पहिल्यांदा गेलो तेव्हा परीक्षा पास झालेलो होतो, व्याकरण पक्कं होतं. तिसऱ्या आठवड्यात पोट बिघडलं आणि एका छोट्या दवाखान्यात गेलो. वाक्य पाठ होतं, ‘पोट दुखतंय’. ते बरोबर म्हटलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि विचारलं, “शिकुशिकु देसु का, किरीकिरी देसु का?” म्हणजे शिकुशिकु दुखतंय की किरीकिरी? मी नुसता बघत राहिलो. ‘किरीकिरी’ हे ‘किरकिर’सारखं वाटलं, म्हणून अंदाजानं म्हटलं, किरीकिरी. त्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला, आणखी दोन तपासण्या झाल्या. नंतर कळलं, किरीकिरी म्हणजे गिरमिट फिरवल्यासारखं, पिळवटून टाकणारं दुखणं. मला होतं ते साधं मंद, सतत कुरतडणारं, म्हणजे शिकुशिकु. आपली किरकिर तर रडक्या पोराची! एका शब्दामुळे पैसे गेले, वेळ गेला. ते सोडून द्या. पण उलटं झालं असतं तर? खरोखरचं किरीकिरी असताना मी शिकुशिकु म्हटलं असतं, तर घरी जा, विश्रांती घ्या, असं सांगून त्यांनी मला परत पाठवलं असतं.

आज ज्या शब्दांबद्दल बोलायचंय ते हे शब्द. जपानीत यांचे प्रकार पाडलेत. प्रत्यक्ष आवाजाची नक्कल करणारे ते ‘गिओनगो’. प्राण्यांच्या, माणसांच्या तोंडून येणाऱ्या आवाजाचे ‘गिसेइगो’. आणि खरी गंमत तिसऱ्यात आहे, ‘गिताइगो’: जिथं आवाज मुळी नाहीच, तरी ध्वनीनं चित्र उभं करायचं. चकाकण्याला आवाज असतो का? बुळबुळीतपणाला? मनातल्या चुळबुळीला? नसतो. तरी शब्द आहेत. एकत्र सगळ्यांना ते ‘ओनोमातोपे’ म्हणतात, हा शब्द फ्रेंचमधून घेतलाय. शोगाकुकान या प्रकाशनाचा २००७ साली आलेला एक कोश आहे, नुसत्या याच शब्दांचा. त्यात ४,५०० शब्द आहेत.

साडेचार हजार ऐकून घाबरू नका. तुम्ही शाळेत हे शिकलेले आहात. व्याकरणात ‘अभ्यस्त शब्द’ म्हणून एक धडा होता, आठवतो? पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. पाच मार्कांचा प्रश्न, पाठ करून विसरून गेलेला. त्यातलं तिसरं पोट म्हणजे आजचा विषय. कडकड, खळखळ, रिमझिम, लुकलुक. आवाजाचे शब्द कुठल्या भाषेत नसतात? पण ‘लुकलुक’सारखे, आवाजच नसलेल्या गोष्टीचे शब्द इंग्रजीत फार थोडे, आणि मोठ्या माणसानं गंभीरपणे बोलताना वापरावेत असे त्याहून थोडे. मराठीत वकीलसुद्धा कोर्टात म्हणेल, “साक्षीदार चुळबुळ करत होता.” जपानीतही तसंच आहे. तिथली कंपनीतली माणसं, डॉक्टर, आजोबा, सगळे हे शब्द वापरतात. म्हणजे या बाबतीत जपानी शिकायला आपण इंग्रजी माणसापेक्षा चार पावलं पुढून सुरुवात करतो. दुर्दैवानं आपण ती चार पावलं मागे येऊन शिकतो. कसं, ते पुढं सांगतो.

आधी हे शब्द बनतात कसे ते बघू. जपानीत एक ‘कोरोकोरो’ आहे आणि एक ‘गोरोगोरो’. गोटी घरंगळत गेली तर कोरोकोरो. मोठा धोंडा गडगडत आला तर गोरोगोरो. क चा ग केला की वस्तू जड झाली. ‘साराशारा’ नव्हे, ‘सारासारा’ म्हणजे रेशमासारखं, कोरडं, हातावरून घसरणारं. ‘जाराजारा’ म्हणजे खरखरीत. ‘किराकिरा’ म्हणजे चांदण्या लुकलुकतात तसं, सुंदर. ‘गिरागिरा’ म्हणजे डोळ्यांवर येणारी, अंगावर येणारी चकाकी, एप्रिलमधलं आपलं ऊन. ‘तोनतोन’ हलकं दार वाजवणं, ‘दोनदोन’ धाडधाड वाजवणं. शोको हामानो या भाषाशास्त्रज्ञ बाईंचं १९९८ चं पुस्तक आहे, त्यात ही सगळी रचना त्यांनी उलगडून दाखवलीय. थोडक्यात काय, कठोर व्यंजन हलकं, बारीक, नीटस. मृदू व्यंजन जड, मोठं, राकट, बऱ्याचदा नकोसं.

आता आपलं बघा. पाण्याचा थेंब ‘टपटप’ पडतो, माणूस ‘धपकन’ पडतो. देवघरातली घंटा ‘किणकिण’ करते, देवळातली ‘घणघण’. तोच हिशेब. उलट आपल्याकडे महाप्राण जास्तीचे असल्यामुळे पायऱ्या जास्त पडतात. टणटण, ठणठण, ढणढण. पटकन, फटकन, बदकन, भदकन. जपान्याला दोन पायऱ्यांत भागवावं लागतं. फक्त ह च्या ओळीत त्यांना तीन मिळतात: ‘हाराहारा’ पाकळ्या गळतात, ‘पारापारा’ पावसाचे तुरळक थेंब पडतात, ‘बाराबारा’ म्हणजे सगळं विखुरलेलं, सुटं सुटं झालेलं. हा बाराबारा मी पोरांना ‘बारा वाटा’ असं सांगून लक्षात ठेवायला लावतो. शास्त्राला धरून नाही ते, पण विसरत नाहीत.

स्वरांचंही तसंच. आपण तीन तऱ्हेनं हसतो: खदाखदा, खिदीखिदी, खुदुखुदु. व्यंजनं तीच, फक्त स्वर बदलला. खदाखदा हसणाऱ्याचं तोंड मोठं उघडलेलं दिसतं. खिदीखिदी हसणारा जरा आगाऊ वाटतो. खुदुखुदु हसतं ते तान्हं बाळ. व्याख्या करायची गरज पडली का? जपानीत गडगडाटी हसणं ‘गेरागेरा’, आणि तोंड दाबून हसणं ‘कुसुकुसु’. तुम्ही जपानी न शिकताही यातलं कुठलं बारीक ते सांगितलं असतं.

हा योगायोग आहे का? जर्मन मानसशास्त्रज्ञ क्योलर यांनी १९२९ साली लोकांना दोन आकृत्या दाखवल्या, एक टोकदार, एक गोलसर, आणि दोन अर्थहीन नावं दिली. कुठलं नाव कुणाचं ते ओळखा. बहुतेकांची उत्तरं सारखी. पुढं २००१ मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी ‘बूबा’ आणि ‘किकी’ अशी नावं घेऊन तेच पुन्हा दाखवलं. टोकदार ती किकी. आणि आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं काम म्हणजे कांतार्त्सिस, इमाई आणि किता या तिघांचं, २०११ चं. इंग्रजी बोलणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांना त्यांनी चालण्याच्या वेगवेगळ्या ढंगांसाठी नवी क्रियापदं शिकवली. जी क्रियापदं जपानी अनुकरणवाचक शब्दांच्या धर्तीवर, चालीला जुळतील अशी बनवली होती, ती मुलांना जास्त चांगली समजली. जपानीचा गंध नसलेली पोरं! म्हणजे यात काहीतरी माणसाच्या कानातच आहे.

आपल्याकडे हा विचार जुना आहे. यास्कानं निरुक्तात म्हटलंय की कावळ्याला ‘काक’ हे नाव त्याच्या आवाजावरून पडलं आणि पक्ष्यांच्या बाबतीत असं पुष्कळ होतं. पाणिनीनं तर ‘पटत्’ अशा अव्यक्त आवाजापासून ‘पटपटा करोति’ कसं बनतं त्यासाठी वेगळं सूत्र दिलंय. ‘पटापटा करतो’ हे आपण रोज बोलतो, त्याला सूत्र आहे हे आपल्या गावी नसतं. मोल्सवर्थच्या कोशात, १८३१ चा पहिला आणि १८५७ चा दुसरा, असे शब्द पानोपानी आहेत. परक्या माणसाच्या कानाला ते लगेच जाणवले असणार.

पुढची गोष्ट मला फार आवडते. जपानीत ‘कोरोकोरो’ म्हणजे घरंगळत राहणं. ‘कोरोत्तो’ म्हणजे एकदम, अचानक घरंगळणं. ‘कोरोरी’ म्हणजे एकदा घरंगळून थांबणं. ‘कोरोन’ म्हणजे घरंगळून जरा उसळणं. एकाच मुळाला शेपट्या बदलून वेगवेगळी हालचाल. पुस्तकात यावर दोन पानं असतात आणि विद्यार्थी डोकं धरून बसतात. अहो, तुम्ही टपटप, टपकन, टपाटप म्हणता की नाही? टपटप म्हणजे चालू आहे. टपकन म्हणजे एकदाच. टपाटप म्हणजे एकामागून एक, भराभर. आपल्या भागात टपकनऐवजी ‘टपदिशी’ म्हणतात. खटदिशी दार लावलं, धाडदिशी पडला. हे ‘कन’ आणि ‘दिशी’ म्हणजे त्यांचं ‘त्तो’. दुप्पट केलं की चालू, शेपूट लावली की एकदा. मी वर्गात नियम सांगणं सोडून दिलं. ‘दिशी’ सांगितलं की संपलं.

क्रियापदंही तशीच निघतात. ‘किराकिरा’पासून ‘किरामेकु’, चकाकणं. ‘जावाजावा’ म्हणजे गर्दीची कुजबुज, गलबला, त्यापासून ‘जावामेकु’. आपलं झगमग, झगमगणं, झगमगाट.

इथं उच्चाराबद्दल एक सांगून ठेवतो. मी ‘जाराजारा’ म्हणतो तेव्हा तो ज ‘जागा’मधला, ‘जगात’मधला नव्हे. जपानीत ‘त्सुरुत्सुरु’ आहे, गुळगुळीत, त्याचा पहिला ध्वनी म्हणजे ‘चमचा’मधला च. हे दोन्ही ध्वनी हिंदीवाल्याला नाहीत, आपल्याला फुकट मिळालेत. आणि त्सुरुत्सुरु कशाकशाला वापरतात? बर्फाला, नूडल्स सुर्रकन ओढायला आणि टकलाला. तुळतुळीत टक्कल! पहिल्या रांगेतल्या सरांनी मनावर घेऊ नये.

आता सोलापूरकडे येऊ. पूर्व भागातून जाताना अजून माग वाजताना ऐकू येतात. धोटा इकडून तिकडे जातो, खटाखट, खटाखट. जपान्याच्या कानाला तोच आवाज ‘गाचान’ असा ऐकू येतो, ‘गाचागाचा’. १९५० साली कोरियाचं युद्ध सुरू झालं आणि जपानच्या कापड गिरण्यांना प्रचंड मागणी आली. त्या तेजीला त्यांनी नाव दिलं ‘गाचामान’. ‘मान’ म्हणजे दहा हजार. मागानं एकदा ‘गाचा’ केलं की दहा हजार येन खिशात! अर्थशास्त्राच्या इतिहासात हा शब्द असाच नोंदला गेलाय. विचार करा, आपल्याकडे एखाद्या तेजीला ‘खटाखट तेजी’ असं नाव पडलं असतं तर पाठ्यपुस्तकात आलं असतं का? आपण लगेच संस्कृतात काहीतरी भारदस्त केलं असतं. जाता जाता, आज मोटारींसाठी माहीत असलेल्या तोयोतानं सुरुवात मागापासूनच केली. तोयोदा यांचा स्वयंचलित मागांचा कारखाना १९२६ चा.

कारखानदार मंडळींसाठी तीन शब्द. जपानी ग्राहक टॉवेल हातात घेतो आणि म्हणतो ‘फुवाफुवा’, म्हणजे मऊ, फुललेला, हवा भरल्यासारखा. ‘सारासारा’ म्हणजे कोरडा, नितळ. आणि ‘गोवागोवा’ म्हणजे दोन धुण्यांत ताठ होऊन खरखरायला लागलेला. गोवागोवा ऐकलं की ऑर्डर गेली समजा. शिवाय ‘पेरापेरा’. भाषेबद्दल असेल तर पेरापेरा म्हणजे घडाघडा, सफाईनं बोलणं, ते कौतुक आहे. कापडाबद्दल असेल तर पेरापेरा म्हणजे पातळ, कसदार नसलेलं. तुमच्या चादरीला कोणी पेरापेरा म्हटलं तर आभार मानू नका.

या गावाची आणखी एक गोष्ट आहे. इथं एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत कन्नड. या तिन्हींत असे शब्द भरपूर. मरे एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये याच विषयावर मोठा निबंध लिहिला, की भारतातल्या इंडो-आर्यन आणि द्राविडी, दोन्ही कुळांतल्या भाषांनी हे शब्द बनवण्याची तऱ्हा वाटून घेतलीय. कन्नडमध्ये रडतात ते ‘गळगळ’, आपले अश्रू ‘घळाघळा’. पण फसगतीही आहेत. तेलुगूत ‘पकपका’ हसतात, आपल्याकडे पकपक म्हणजे नको ती बडबड. तेलुगूत ‘तळतळ’ म्हणजे लखलखणं. नव्या पितळी भांड्याचं कौतुक म्हणून तळतळ म्हटलं आणि मराठी शेजारणीला तळतळाट ऐकू आला, तर पुढचं महाभारत तुमचं तुम्ही बघा.

जपानीशीही अशा फसगती आहेत. ‘गुरुगुरु’ म्हणजे गरगर फिरणं, आपलं गुरगुरणं नव्हे. ‘गारागारा’ म्हणजे रिकामी, खडखडीत रिकामी गाडी. आणि गुळण्या करण्याचा आवाजही. ‘चिकुचिकु’ म्हणजे टोचणं, आपली चिकचिक नव्हे. त्या चिकट चिकचिकीला ते ‘बेताबेता’ म्हणतात. म्हणून म्हटलं, कानावर विश्वास ठेवा, पण अर्धाच. ‘पेकोपेको’ ऐकून कुणालाही अर्थ लागणार नाही. तो पत्र्याच्या रिकाम्या डब्याला पोचा पडण्याचा आवाज. त्यावरून ‘पोट पेकोपेको’ म्हणजे भुकेनं पोट खपाटीला गेलंय, आणि साहेबापुढं वाकवाकून केलेले नमस्कारही पेकोपेको.

कधी कधी मात्र दोन भाषा अशा जुळतात की चक्रावून जायला होतं. मघाचा ‘गोरोगोरो’ घ्या. धोंडा गडगडतो तोही गोरोगोरो आणि ढग गडगडतात तेही गोरोगोरो. आपल्या ‘गडगड’मध्ये नेमके हेच दोन अर्थ आहेत. (सुट्टीच्या दिवशी घरात लोळत पडणं हेही गोरोगोरो, तो अर्थ आपल्याला अजून कमवायचाय.) ‘कानकान’ म्हणजे धातूवर धातू आपटल्याचा आवाज, आणि ‘कानकान’ ऊन म्हणजे कडकडीत ऊन. आवाजाचा शब्द उन्हाला का लावला? माहीत असायची गरज नाही, कारण आपणही ‘कडकड’ या आवाजाच्या शब्दापासून कडकडीत ऊन केलं, कडकडीत पाणी केलं आणि उपासही कडकडीत केला.

आपल्या या ‘ईत’ प्रत्ययाकडे बघा जरा. कुरकुरीत, खुसखुशीत, झणझणीत, बुळबुळीत, टवटवीत, रखरखीत. एवढं मोठं भांडार! कडक भाकरी मोडल्यावर जो आवाज होतो तो जपानीत ‘पारीपारी’. दिवाळीतली खुसखुशीत शंकरपाळी ‘साकुसाकु’. शेंगाचटणीनं जीभ चुरचुरली तर ‘पिरीपिरी’. भातापासून केलेल्या त्यांच्या मोचीचा तो लवचिक, दाताला बिलगणारा मऊपणा, ‘मोचिमोचि’, त्याला आपल्याकडे नेमका शब्द सापडत नाही. चिवट म्हटलं तर शिवी होते.

दोन शब्द जरा गंभीर आहेत. ‘पिका’ म्हणजे लख्ख चमकणं. ‘दोन’ म्हणजे धडाम. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला. कशाचा बॉम्ब, काय बॉम्ब, कुणाला माहीत नव्हतं. लोकांनी त्याला नाव दिलं ‘पिकादोन’. आधी लखकन उजेड, मग धडाम. पण जे अगदी जवळ होते आणि तरी वाचले, त्यांच्यातले कितीतरी जण नुसतं ‘पिका’ म्हणत. त्यांना आवाज ऐकू आल्याचं आठवतच नव्हतं. कोण किती अंतरावर होता हे शब्दावरून कळत होतं. तोच ‘पिका’ पुढं मुलांच्या पिकाचूमध्ये आला, लखकन वीज मारणारा उंदीर, ‘चू’ म्हणजे उंदराचं चूं. माझ्या घरी नातवंडं पिकाचू बघतात तेव्हा मला दोन्ही गोष्टी एकदम आठवतात. शब्दाचा काही दोष नाही त्यात.

भूकंपाचंही असंच. ‘काताकाता’, तावदानं किंचित वाजतायत. ‘गातागाता’, भांडी-कपाटं खडखडतायत. ‘गुरागुरा’, घरच हलतंय. ‘युरायुरा’, दिवा सावकाश झुलतोय. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणारे इथं पुष्कळ असतील. किल्लारीच्या आसपासची माणसं त्याच्या आधीच्या वर्षापासून जमिनीतून गुडगुड आवाज येतो म्हणून सांगत होती. ‘गुडगुड’ हा शब्दच त्यांच्याकडे होता, यंत्र नव्हतं.

आता मुलींनो, तुमच्याकडे येतो. भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये करार झाला, त्यानुसार ‘तोकुतेइ गिनो’ म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या व्हिसावर आपल्याकडची मुलं-मुली तिकडे जाऊ लागली. त्यात म्हाताऱ्या माणसांची देखभाल, ‘काइगो’, हे मोठं क्षेत्र. भाषेची अट साधारण एन-४ पातळीची, वर काइगोची वेगळी भाषापरीक्षा. एन-४ ला व्याकरण येतं, कांजी येतात. हे शब्द? नावापुरते. आणि तिथं पहिल्या रात्रपाळीला ऐंशी वर्षांची आजी तुम्हाला जे सांगणार, त्यात नेमके हेच असणार. तिला ‘वेदना स्पंदनशील आहे’ असं म्हणता येत नाही. ती म्हणणार, “हिजा गा जुकीजुकी सुरु.” गुडघा ठसठसतोय. “अतामा गा गानगान सुरु.” डोक्यात घण घातल्यासारखं होतंय. ‘हिरीहिरी’ म्हणजे कातडीची आग, चुरचुर. ‘जिनजिन’ म्हणजे मुंग्या आल्यासारखं बधिर ठणकणं. ‘कुराकुरा’ म्हणजे गरगरतंय, तेव्हा उठून उभं करू नका. ‘जोकुजोकु’ म्हणजे हुडहुडी भरलीय, ताप बघा.

आणि हा एक नीट लक्षात ठेवा. ‘मुने’ म्हणजे छाती. आजी म्हणाली “मुने गा मुकामुका सुरु”, तर ती छातीत दुखत नाही म्हणत, मळमळतंय म्हणते. आपल्याकडे ‘छातीत जळजळतंय’ म्हणजे पित्त, तसंच. “मुने गा दोकिदोकि” म्हणजे धडधडतंय. पण ती छातीवर मूठ धरून “मुने गा ग्यूत्तो” असं काही म्हणाली, म्हणजे कोणीतरी आवळल्यासारखं, तर शब्दकोश काढत बसायचं नाही, लगेच वरच्या माणसाला हाक मारायची. तिन्ही वाक्यांत छाती आहे. फरक फक्त त्या एका शब्दात आहे.

मघाशी म्हटलं होतं की आपण चार पावलं मागे येऊन शिकतो. ते असं. तुमची पुस्तकं इंग्रजीतून असतात. ‘जुकीजुकी’पुढं छापलेलं असतं ‘थ्रॉबिंग पेन’. तुम्ही वहीत ते उतरवता, मग थ्रॉबिंगचा अर्थ मोबाईलवर बघता, मग पाठ करता. तीन उड्या, आणि शेवटी हातात व्याख्या, शब्द नाहीच. त्याऐवजी वहीत समोर ‘ठसठस’ लिहा. बस. अनुकरणवाचक शब्दासमोर अनुकरणवाचक शब्द. ‘गोकुगोकु’ पितात म्हणजे घटाघटा पितात. ‘सोवासोवा’ म्हणजे चुळबुळ. ‘इराइरा’ म्हणजे चिडचिड. तुमच्या आईचा, आजीचा शब्द तेलुगूत किंवा कन्नडमध्ये असेल तर तो लिहा, तो जास्त खोलवरचा आहे. जुळणारा शब्द सापडला नाही तर कृती काढा, चित्र काढा, पण इंग्रजी व्याख्या लिहू नका.

दुसरं, एकटा शब्द कधीही शिकू नका. आपण ढसाढसा रडतो, ढसाढसा हसत नाही. मटामटा खातो, मटामटा पीत नाही. त्यांच्यातही प्रत्येकाचं क्रियापद ठरलेलं असतं. जोडीनंच पाठ करा. आणि मोठ्यानं, हातवाऱ्यांसकट. लाजू नका. कोरोकोरो म्हणताना बोटं फिरली पाहिजेत.

आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाच डॉक्टरांपैकी एक म्हणून चीनला गेले. जपानी शिकवण्याच्या व्याख्यानात त्यांचं नाव घेणं जरा अवघड आहे, कारण ते ज्या जखमींवर उपचार करत होते ते जपानशी लढताना जखमी झालेले. पण या सभागृहात त्यांना टाळून पुढं जाणं बरं दिसत नाही. ते चिनी बोलायला-लिहायला शिकले, त्या भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले. रोग्याशी दुभाष्यातून बोलून किती वेळ काढणार?

आता प्रश्न घेऊ. हो, तिसऱ्या रांगेतल्या ताई. ‘आपण स्वतः नवे शब्द बनवले तर चालतील का?’ लेखकांना चालतात. मियाझावा केन्जी नावाचे कवी-कथाकार, १८९६ ते १९३३, त्यांनी मनाला येतील तसे शब्द बनवले आणि लोकांनी डोक्यावर घेतले. पण तुम्ही आजीच्या रिपोर्टमध्ये बनवू नका. आजीनं जो शब्द उच्चारला तोच, तसाच लिहा. समजला नाही तरी तसाच लिहा. पुढच्या पाळीची जपानी बाई तो वाचून ओळखेल.

आणि मागचे काका विचारतायत, आवाज अजिबात नसेल तर काय म्हणतात. त्यालाही शब्द आहे, ‘शीऽऽन’. खोलीत कोणी बोलत नाही, पान हलत नाही, ते शीऽऽन. मांगाच्या चित्रकथांमध्ये पानभर नुसतं तेवढंच लिहिलेलं असतं. आपल्याकडे दुपारी दोनला मे महिन्यात रस्त्यावर जो असतो तो ‘शुकशुकाट’. शांततेच्या शब्दात दोघांनीही ‘श’च घेतलाय.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, जायच्या आधी किती शब्द यायला हवेत? साडेचार हजार नकोत. दुखण्याचे पंधरा, खाण्याचे दहा, मनाच्या अवस्थेचे दहा, पाऊस-उन्हाचे पाच. चाळीस झाले. यादी बाहेरच्या टेबलावर ठेवलीय, मराठी शब्दांसकट. तेलुगू आणि कन्नडचे रकाने रिकामे आहेत, ते तुम्ही भरून मला परत द्यायचेत.